आठ गाण्यांची उतरंड

माझ्या बाबांच्या एकट्याच्या नावाची एकच कॅसेट निघाली, आणि तिच्यावर सात गाणी आहेत. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला तीन. दुसरी बाजू वेळेआधीच रिकामी पडते आणि मग बटण टक्कन वर येईपर्यंत नुसती खरखर ऐकू येते. गावातल्या लोकांना वाटतं की शाहिरानं सातच गाणी गायली, सात आकडा शुभ म्हणून. मीही कोणाची समजूत मोडायला गेले नाही. पण गाणी आठ होती. आठव्याचं काय झालं ते मला इथे लिहायचं आहे, आणि लिहिताना मी स्वतःला सांभाळून घेणार नाही. आजवर तेच करत आले.

आमचं घर चोरखमाऱ्याच्या तलावाखाली, नहराच्या काठाला. धानाच्या चार बांध्या, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेली चार शेतं, दोन म्हशी आणि घरात आम्ही तिघं. बाबांचं नाव तुळशीराम, पण त्यांना तुळशीराम म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. सगळे शाहीर म्हणत, मायसुद्धा. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, आणि भर दुपारी उघड्या मैदानात दंडार. दंडार म्हणजे गाणी, नाच आणि सोंगं, आणि तिच्यात पुढे उभा राहून गाणारा तो शाहीर. धान कापून झालं की बाबा मंडळासोबत निघून जात ते होळीच्या तोंडावर परत येत. त्यामुळे माझ्या लहानपणीचे बाबा म्हणजे पावसाळ्यातले बाबा. सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग अंगणात पेटीवर सूर, आणि मग तळहातावर प्लॅस्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत बसलेले. तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र रगडल्याचा तो खसखस आवाज आमच्या घरात म्हशी सोडायच्या आधी सुरू होई. बाबांचं दारूबंदीवर एक गाणं होतं, लोक ते ऐकून रडत. ते गाणंही बाबा गालात खर्रा धरूनच रचत बसत. मायनं एकदा हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "दारूवर हाय ना व गानं, खर्र्यावर कुठं हाय?" तेव्हा आम्ही खूप हसलो होतो.

माय मात्र गाणारी नव्हती, म्हणजे तसं आम्ही धरून चाललो होतो. ती रोवणीला जाई, धान झोडपायला जाई, तांदळाची भाकर आणि झिंग्याची चटणी करी, आणि उन्हाळ्यात मडक्यातली आंबील. तिची आंबील बाबा गळ्याचं औषध म्हणून पीत. बांधीत वाकून रोप लावताना बायका गातात, तशी तीही गाई. त्यातलं एक गाणं तिला तिच्या आईकडून आलं होतं. 'बांधी-बांधीनं पानी चाललं, माह्या मायले सांगजो,' अशी त्याची सुरुवात. एका शेतातून दुसऱ्या शेतात उतरत जाणाऱ्या पाण्याजवळ सासरची पोर निरोप देते, एवढंच ते गाणं. लग्नानंतर बाबांनी ते बांधावर उभं राहून ऐकलं, त्याला पेटी-ढोलकी लावली आणि मंडईत नेलं. लोकांना वाटे शाहिरानंच बांधलं. माय कधी मंडईत जाऊन "माहं हाय" म्हणाली नाही. घरात आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं, पण ठाऊक असलेल्या गोष्टी घरात कोण बोलतं.

बाबांच्या मंडळात एक जुनी रीत होती. मंडईचे दिवस सुरू व्हायच्या आधी गाण्यांची उतरंड लावायची. शेणानं सारवलेल्या अंगणात पळसाची पानं मांडायची, एकेका गाण्याचं एकेक पान. मंडळातल्या प्रत्येकाच्या हातात आमच्याकडच्या लाखोळी डाळीचे वीस दाणे. ज्याला जे गाणं जितकं भावलं तितके दाणे त्या पानावर. सगळ्यात जास्त दाण्यांचं गाणं मैदान खचाखच भरलेलं असताना म्हणायचं, सगळ्यात कमी दाण्यांचं लोक उठून चालायला लागल्यावर. शाहिरानं स्वतः दाणा टाकायचा नाही, कारण आईला सगळी लेकरं सारखी, असं जुने लोक सांगत. दोन पानांवर सारखे दाणे पडले तर यादी लिहिणारा ठरवील ते खरं. मी तिरोड्याच्या कॉलेजात अकरावीला गेले आणि मंडळाची यादी लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. लिहिणाऱ्याला दाणेही मिळत. बाईमाणसाच्या हातात उतरंडीचे दाणे पहिल्यांदाच पडले होते, त्याचा मला केवढा ताठा!

त्या वर्षी पोळ्यापासून बाबांचा आवाज बसला तो उठेचना. आधी पावसाचं पाणी लागलं म्हणून काढे झाले, मग गोंदियाचा डॉक्टर झाला, आणि त्यानं नागपूरला धाडलं. नागपूरहून बाबा आणि पेटीवाले मास्तर परत आले ते अंगणातच बसले. मास्तर बाबांचे वीस-बावीस वर्षांचे जोडीदार, सुकलेले, चष्मेवाले, घरी आले की मला पाढे विचारायचे. त्या दिवशी त्यांनी पाढे विचारले नाहीत. शेवटी तेच मायला म्हणाले, "वैनी, गळ्यातलं यंत्र काढा लागते मनते डॉक्टर. बारा दिवसानं बोलावलं." मायनं विचारलं, "मंग बोलनं?" मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. बाबाच मग त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "बोलनं बी नाही, गानं बी नाही. जीव राहीन."

दोन दिवस बाबा म्हशींच्या मागे मागे फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आपल्याला कॅसेट काढायची आहे. मंडळाच्या नावाची नाही, आपल्या एकट्याच्या नावाची, वर आपला फोटो. मास्तरांना ते जरा लागलं असावं, इतकी वर्षं दोघांनी एकाच सतरंजीवर काढली होती. पण ते एवढंच म्हणाले, "पेटी तं मीच वाजवीन ना, का तिबी एकटाच वाजवतो?" आणि दुसऱ्या दिवशी दोघांसोबत मीही गोंदियाला गेले. बाजारात कॅसेटचं एक दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, तोच स्टुडिओ. दुकानदार शेठनं बाबांना दोन ओळी गायला लावल्या, कान देऊन ऐकल्या, आणि आम्हाला चहा पाजला. मग म्हणाला, "शाहीरजी, बुरा मत मानना. ये गला पूरा दिन नहीं चलेगा. जो गाना सबसे अच्छा है वो पहले गा लो, फिर उससे कम वाला. आखरी तक पहुँचे तो ठीक, नहीं पहुँचे तो जितना आया उतना बाजार में." म्हणजे उतरंडीतलं शेवटचं गाणं कदाचित राहूनच जाणार, हे त्या दिवशी आम्हा तिघांनाही नीट कळलं होतं. मलाही. मी हे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला कुठे माहीत होतं.

बाबांनी आठ गाणी निवडली आणि सकाळीच अंगणात पानं मांडली गेली. दाणे टाकायला मास्तर, ढोलकीवाला चैतू आणि मी. बाबा खाटेवर पाठ टेकून, डोळे मिटून बसले होते. माय आत चुलीजवळ लाखोळीची भाजी निवडत होती, दार उघडंच होतं. चैतू मोकळ्या मनाचा माणूस. मी दाणे मोजून देत असताना तो म्हणाला, "वैनीले बी दे ना दाने. तिनंच तं सारे गाने घरी आयकले." मी सतरा वर्षांची होते. कॉलेजात माझ्या बेंचवर तिरोड्याची एक व्यापाऱ्याची मुलगी बसायची, तिच्या घरी टेपरेकॉर्डर होता, आणि मी तिला सांगून बसले होते की माझ्या बाबांची कॅसेट येणार आहे. मी चैतूकाकांना म्हटलं, "मायले का समजते गान्यातलं?" आवाज काही हळू नव्हता. आत भाजीच्या काड्या मोडायचा आवाज चालू होता, तो थांबलासुद्धा नाही. बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

गण पहिला आला, तो येणारच. मग तलावाचं गाणं, जावयाचं गाणं, दारूबंदीचं, मेलेल्या बैलाचं, मग गोंदियाच्या बाजाराचं हिंदी मिसळलेलं. ही सहा सरळ लागली. खाली दोन पानं राहिली. छोट्या लाईनवरच्या आगगाडीचं गाणं आणि मायचं रोवणीचं गाणं. आगगाडीवर तीन दाणे, तिन्ही माझे, कारण त्यात इंजिनाच्या शिट्टीसारखी लांब तान होती आणि ती मला शहरी वाटे. रोवणीवरही तीनच, दोन मास्तरांचे, एक चैतूचा. सारखे पडले, म्हणजे लिहिणाऱ्याचा निकाल. मला आजही ती घटका आठवते. मी विचार केला तो गाण्याचा केलाच नाही. चिखलात उभ्या बायका, 'सांगजो' आणि 'माह्या' ही बोली, ती कॅसेट बेंचवरच्या मुलीच्या घरी वाजते आहे आणि तिची आई विचारते आहे की ही कुठली भाषा. मी सातव्या नंबरावर आगगाडी लिहिली आणि आठव्यावर रोवणी. मास्तर कागद पाहून म्हणाले, "हे खाली काऊन टाकलं व?" मी म्हटलं, "बायकाइचं गानं हाय, कॅसेटीवर कोन आयकल?" मास्तरांनी बाबांकडे पाहिलं. पण शाहिरानं बोलायचं नसतं, आणि बाबा रीत मोडणारे नव्हते. माय चहा घेऊन बाहेर आली. तिनं चौघांना चार कप दिले आणि पानं उचलून म्हशीपुढे टाकली.

गोंदियाच्या त्या खोलीत पंखा बंद ठेवावा लागे, त्याचा आवाज येतो म्हणून. माय घरीच राहिली होती. मी कोपऱ्यात यादी घेऊन बसले, गाणं झालं की खूण करायची. पहिली चार गाणी बाबांनी अशी गायली की शेठ काचेमागून हात जोडायला लागला. आजारी माणसाचा गळा नव्हताच तो. पाचव्याला खोकला आला, थांबले, गरम पाणी प्याले, पुन्हा गायले. सहावं दोन तुकड्यांत झालं. मग सातवं, माझी आगगाडी. त्या तानेनं चांगला धडधाकट गळाही सोलून निघेल. बाबांनी ती एकदा घेतली, फाटली. दुसऱ्यांदा घेतली, फाटली. चैतू म्हणाला, "शाहीर, तान सोडून द्या." बाबांनी मान हलवली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिसऱ्यांदा ती अशी काही ओढली की गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या. तान पूर्ण झाली. मी आनंदानं कागदावर खूण केली.

मग मास्तरांनी रोवणीचा सूर धरला. बाबांनी तोंड उघडलं आणि 'बांधी' एवढाच शब्द आला, तोही नुसत्या हवेचा. ते थांबले. पुन्हा उघडलं. या वेळी हवाही नीट आली नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि रुमाल पाहून घडी घातली, पण मला लाल दिसलं. शेठ आत आला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बस, शाहीरजी. सात भी बहुत हैं." मास्तर पेटीचा भाता हळूहळू बंद करत होते. बाबांनी माझ्या हातातली यादी घेतली, वाचली आणि खिशात ठेवली. परतीच्या गाडीत ते माझ्या कानाजवळ वाकून जेमतेम ऐकू येईल असं बोलले, "तू बराबर लावली होती, बाई." बाबांनी मला उद्देशून गळ्यातून काढलेलं ते शेवटचं वाक्य. मी ते खरं धरलं, आणि कित्येक वर्षं त्याच्या भरवशावर निवांत झोपले.

घरी पोचलो तेव्हा माय दारात उभी होती. "झाले का आठ?" तिनं विचारलं. बाबांनी सात बोटं दाखवली. कोणतं राहिलं, हे तिनं विचारलं नाही. तिनं भात वाढला, बाबांसाठी तो चमच्यानं मऊ केला, आणि मला म्हणाली, "तू बी जेव, उपाशी हायस."

पुढचं फार लिहावंसं वाटत नाही. नागपूरच्या दवाखान्यातून बाबा आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं फडकं घेऊन. खोकला आला तर तो तोंडातून नाही, फडक्यातून येई. महिनाभर माय नळीतून तांदळाची पेज देत होती. बोलायचं असलं तर ते वहीत लिहीत, आणि चौथीपर्यंत शिकलेला माणूस वहीत किती लिहिणार? 'पानी', 'म्हैस', 'पोरगी कुठं'. कॅसेट मात्र खूप चालली. त्या वर्षीच्या मंडईत मंडळानं बाबांचा सत्कार ठेवला. त्यांना मैदानात पुढे खुर्चीवर बसवलं आणि भोंग्यावर त्यांचीच कॅसेट लावली. हजार माणसं भोंग्याकडे पाहून टाळ्या वाजवत होती, आणि खुर्चीवरचा माणूस फडक्यावर हात धरून बसला होता. आगगाडीची तान आली तेव्हा पोरं शिट्ट्या मारायला लागली. बाबांनी खाली मान घातली. मी बायकांमध्ये बसले होते, आणि मला वाटलं की उठून भोंग्याची तार तोडावी. तोडली नाही. घरी ते रोज सकाळी कॅसेट लावत, दुसऱ्या बाजूची खरखर संपेपर्यंत बंद करत नसत. ती खरखर चालू असेतो माय चुलीपुढे हातातलं काम थांबवून बसे. त्यानंतरचे दोन पावसाळे बाबांनी पाहिले, तिसरा नाही.

मी शिकले, गोंदियाला शाळेत लागले, लग्न झालं, मुलं झाली. मास्तर गेले, चैतू मुलाकडे छत्तीसगडात गेला. रोवणीचं गाणं आता फक्त मायकडे होतं. दरवर्षी मी ठरवी की यंदा ते लिहून घेईन, आणि दरवर्षी घरी गेले की दुसरंच बोलून परत येई. तिला ते मागायचं म्हणजे त्या सकाळचं सगळं मागणं आलं. शेवटी आवाज टिपणारा मोबाईल हातात आला तेव्हा धीर केला. आषाढ होता, रोवण्या चालू होत्या. मायचे गुडघे गेले होते, ती बांधीत जात नसे. पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होती आणि लांबून बायकांचं गाणं येत होतं, दुसरंच कुठलंतरी. मी तिच्यासमोर बसले आणि मोबाईल मध्ये ठेवला.

"माय, ते गानं मन ना."

"कोनतं?"

"तुले माहीत हाय कोनतं."

ती खडे वेचत राहिली. "आता कायले?"

तेव्हा माझा बांध फुटला. एवढी मोठी, शाळेत पोरांना दरडावणारी बाई मी, तिच्यापुढे हुंदके देत बसले. म्हटलं, "त्या दिवशी तू काऊन बोलली नाही? बाबाले सांगाचं होतं, हे वर घ्या मनून. तुहं गानं होतं. मी तुले दाने बी देल्ले नाही."

"तुह्या बाबानं इचारलं होतं ना," ती म्हणाली. "गोंदियाले जाच्या सकाळी. यादी घेऊन चुलीपाशी आले, मनते, 'का करू? वर घेऊ का?' मीच नाही मनलं. पोट्टीनं लिवलं हाय, चार मान्साइत तिले खोटी नोका पाडू. शिकून राहिली, तिले वाटाले पायजे का आपल्या लिवल्यानं काई होते."

मी नाक पुसत राहिले. माय सूप बाजूला ठेवत म्हणाली, "मी मनतो गानं. पन ते मशीन बंद कर." आमच्याकडे बायकाही 'मी म्हणतो' असंच म्हणतात. मी म्हटलं, माय, राहू दे ना, नातवंडांना ऐकता येईल. ती म्हणाली, "मशीनीपायी एकाचा गळा गेला. बंद कर." बंद करायचा बहाणा करून तो चालू ठेवणं काही कठीण नव्हतं, तिला कळलंही नसतं. मी तो खरोखर बंद केला. एवढं तरी मी नीट केलं.

मग ती गायली. भिंतीला टेकून, गुडघ्यावर हात ठेवून, सगळी कडवी. आवाज जुना झाला होता, मध्ये दम लागे, पण एकही शब्द सांडला नाही. ती आता नाही, आणि ते गाणं कुठेच नाही. मला सुरुवातीच्या दोन ओळी येतात, चाल अर्धीमुर्धी. शेवटचं कडवं झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, "आता सांग. कितवा नंबर?"

"पयला," मी म्हटलं.

"खोटं नोको बोलू," माय म्हणाली, आणि तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "पयला तं गणच राहाचा. तुह्या बाबानं याले तिसरा देल्ला होता, चुलीपाशी सांगतलं मले. मी बी तिसराच देल्ला असता."

गोंदियाच्या त्या खोलीत तिसऱ्या गाण्याला बाबांचा गळा लख्ख होता.